पोल्ट्रीतली पुडी आणि आयसीयूतले शेवटचे इंजेक्शन

गेल्या पावसाळ्यात आमच्या वॉर्डात मूर्तिजापूरकडचा एक पन्नाशीतला रुग्ण दाखल झाला. जुना मधुमेह, मूत्रपिंडात खडा, चार दिवसांपासून थंडी वाजून ताप आणि रक्तदाब खाली गेलेला. गावातल्या डॉक्टरांनी दोन प्रकारची इंजेक्शने देऊन पाहिली होती, तालुक्याला आणखी दोन झाली होती. आमच्याकडे आला तेव्हा तो असंबद्ध बडबडत होता. तिसऱ्या दिवशी कल्चरचा रिपोर्ट हातात आला. जंतूचे नाव क्लेब्सिएला आणि त्याखाली औषधांची यादी. सिप्रोफ्लॉक्सासिन, सेफ्ट्रिअ‍ॅक्झोन, अमिकासिन, मेरोपेनेम... प्रत्येकापुढे 'आर', म्हणजे रेझिस्टंट. हे औषध या जंतूवर चालणार नाही. यादीच्या तळाशी कोलिस्टिन आणि त्यापुढे 'आय', म्हणजे मधले. कोलिस्टिनपुढे 'एस', म्हणजे हमखास चालेल, असे आता लिहीतच नाहीत. आपल्या बहुतेक प्रयोगशाळा ज्या अमेरिकी संस्थेचे निकष पाळतात, तिने २०२० मध्ये कोलिस्टिनसाठीची ती श्रेणीच काढून टाकली आहे.

आम्ही कोलिस्टिन दिले. दुसरे होते काय? ताप पाचव्या दिवशी उतरला, पण क्रिएटिनिन १.१ वरून २.८ वर गेले. हे औषध जंतूला मारते तेव्हा मूत्रपिंडालाही तडाखा देते. नातेवाइकांना हे समजावून सांगत असताना मी उशिराच एक प्रश्न विचारला, जो पहिल्या दिवशीच विचारायला हवा होता. घरी काम काय करता?

मुलगा म्हणाला, "पोल्ट्री हाये साहेब. पाच हजाराचं शेड."

औषध कोणते देता, असे विचारल्यावर तो हसला. "कंपनीवाला पुड्या देते, आमी पान्यात टाकतो. पुडीवर काय लिवलं ते कोन वाचते!"

दुसऱ्या दिवशी तो शेडमधल्या रिकाम्या पुड्या पिशवीत घालून घेऊन आला. एकीत डॉक्सिसायक्लिन आणि निओमायसिन, दुसरीत एन्रोफ्लॉक्सासिन, जे आपल्या सिप्रोफ्लॉक्सासिनचे सख्खे भावंड आहे आणि शरीरात गेल्यावर काही प्रमाणात सिप्रोफ्लॉक्सासिनच होते. तिसरी पुडी जुनी, २०१८ ची, खिळे ठेवायला वापरलेली. तिच्यावर लिहिले होते: कोलिस्टिन सल्फेट. वरच्या मजल्यावर त्याच्या वडिलांच्या शिरेतून थेंब थेंब जात होते, तेच औषध.

आधीच सांगतो, या रुग्णाचा जंतू कोंबडीतूनच आला हे मी सिद्ध करू शकत नाही. मधुमेह, खडा, त्याआधी घेतलेली चार इंजेक्शने, पूर्वी एकदा दवाखान्यात झालेले कॅथेटर, यांपैकी काहीही कारण असू शकते. पण ती खिळ्यांची पुडी माझ्या डोक्यातून जात नाही.

कोलिस्टिन हे नवे औषध नाही. १९४० च्या दशकाच्या अखेरीस ते जपानमध्ये सापडले आणि मूत्रपिंड व मज्जातंतूंवरच्या दुष्परिणामांमुळे १९७० च्या दशकात मागे पडले. मी नव्वदच्या दशकात एमबीबीएस केले तेव्हा पाठ्यपुस्तकात त्याच्यावर चार ओळी होत्या आणि परीक्षेत ते कोणी विचारत नसे. पुढे मेरोपेनेमसारखी कार्बापेनेम गटातली औषधे निकामी होऊ लागली. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचे वार्षिक अहवाल पाहिले, तर मोठ्या रुग्णालयांतील क्लेब्सिएलाच्या निम्म्याहून अधिक नमुन्यांवर ही औषधे आता चालत नाहीत. मग अडगळीतले कोलिस्टिन पुन्हा बाहेर काढावे लागले. नवजात बाळांच्या कक्षापासून भाजलेल्या रुग्णांपर्यंत आज ते शेवटचा आधार आहे. त्याच्या पलीकडे जी एक-दोन औषधे आहेत, त्यांची किंमत सरकारी दवाखान्यात येणाऱ्या माणसाला ऐकवतही नाही.

माणसांनी अडगळीत टाकलेल्या या औषधाला मधल्या काळात जनावरांच्या खाद्यात जागा मिळाली होती. स्वस्त होते, आतड्यातल्या जंतूंवर चालायचे आणि माणसाला लागत नाही म्हणून कोणाची हरकत नव्हती. चीनमध्ये डुकरांच्या खाद्यात ते टनावारी जात होते. नोव्हेंबर २०१५ मध्ये 'द लॅन्सेट इन्फेक्शियस डिसीजेस' या नियतकालिकात तिथल्या शास्त्रज्ञांचा निबंध आला आणि जगभरच्या सूक्ष्मजीवशास्त्रज्ञांची झोप उडाली. शांघायच्या एका डुक्करपालन केंद्रातील डुकरात ई. कोलाय जंतू सापडला, ज्याला कोलिस्टिन काहीच करत नव्हते. त्यांनी मागचे नमुने तपासले. कत्तलखान्यातील ८०४ डुकरांपैकी १६६ मध्ये, बाजारातील कच्च्या मांसाच्या ५२३ नमुन्यांपैकी ७८ मध्ये आणि रुग्णालयातील १३२२ रुग्णांपैकी १६ जणांमध्ये तेच जनुक होते. त्याला नाव दिले एमसीआर-१.

यात घाबरण्यासारखे काय, हे वऱ्हाडच्या शेतकऱ्याला मी दोन मिनिटांत सांगू शकतो, कारण त्याने गुलाबी बोंडअळी पाहिली आहे. २००२ मध्ये बीटी कापूस आला, २००६ मध्ये त्याची दुसरी आवृत्ती आली. बोंडअळी मरायची, फवारण्या वाचल्या. बियाण्याच्या पाकिटासोबत बिगर-बीटीची एक छोटी पुडी यायची, ती बांधाच्या कडेने लावायची होती. म्हणजे काही साध्या अळ्या जिवंत राहिल्या असत्या आणि चिवट अळ्यांचा वंश त्यांच्यात मिसळून सौम्य झाला असता. ती पुडी किती जणांनी लावली? बहुतेकांनी फेकली. सगळीकडे एकच विष, वर्षानुवर्षे. त्यातून जी अळी वाचली तिचीच पिल्लावळ वाढली आणि २०१७ च्या हंगामात अख्ख्या विदर्भात बोंडे आतून किडकी निघाली. कापसाच्या शेतात जे पंधरा वर्षांत घडले, ते कोंबडीच्या आतड्यात पंधरा दिवसांत घडू शकते, कारण जंतूची पिढी वीस-तीस मिनिटांची असते.

आणखी एक फरक आहे, तो जास्त वाईट. अळीचा चिवटपणा तिच्या पिल्लांनाच मिळतो. एमसीआर-१ हे जनुक मात्र प्लाझ्मिड नावाच्या सुट्या वेटोळ्यावर असते आणि एक जंतू ते शेजारच्या जंतूला देऊ शकतो, परीक्षेत कॉपीची चिठ्ठी पुढच्या बाकावर सरकवावी तसे. देणारा आणि घेणारा एकाच जातीचे असावे लागतात असेही नाही. डुकराच्या पोटातल्या निरुपद्रवी ई. कोलायने लिहिलेली चिठ्ठी माणसाच्या पोटातल्या क्लेब्सिएलाच्या हाती पडू शकते.

जनावरांना निरोगी असताना प्रतिजैविके का देतात? उत्तर अपघाताने सापडले. १९४८ च्या सुमारास अमेरिकेत टॉमस ज्यूक्स हे शास्त्रज्ञ कोंबड्यांच्या खाद्यात बी-१२ जीवनसत्त्वाचा स्वस्त स्रोत शोधत होते. ऑरिओमायसिन बनवून उरलेला चोथा पिल्लांना घातला तर ती भराभर वाढली. चोथ्यात उरलेल्या औषधाचा तो परिणाम होता. तिथून पुढे थोड्या मात्रेत, रोज, सगळ्या कळपाला, अशी पद्धतच पडली. जंतूला चिवट बनवायचे असेल तर याहून चांगला मार्ग सुचवता येणार नाही.

१९७६ मध्ये स्टुअर्ट लेव्ही यांनी याचा साधासा पुरावा दिला. बोस्टनजवळच्या एका शेतकरी कुटुंबाकडे त्यांनी कोंबड्या ठेवल्या आणि काहींच्या खाद्यात टेट्रासायक्लिन मिसळले. आठवड्याभरात कोंबड्यांच्या विष्ठेतले जवळपास सगळे जंतू त्या औषधाला दाद देईनासे झाले. पाच-सहा महिन्यांत त्या घरातल्या माणसांच्या पोटातही तसे जंतू वाढले, आणि ते एकाच औषधाला नव्हे तर अनेक औषधांना पुरून उरणारे होते. घरातल्या कोणीही औषधाची गोळी घेतली नव्हती. औषधी खाद्य बंद केल्यावर सहा महिन्यांनी बहुतेकांच्या पोटातून ते नाहीसेही झाले. हा शेवटचा भाग लक्षात ठेवा.

आता आपल्याकडे येऊ. वऱ्हाडात डुकराचे मांस खाणारे थोडे आणि अमरावती-अकोल्याच्या नाल्यांकाठी हिंडणारी डुकरे खाद्याच्या गोणीतले औषध खात नाहीत, आपण टाकलेला कचरा खातात. तो वेगळ्या लेखाचा विषय आहे. २०१९ च्या पशुगणनेत देशात डुकरे सुमारे ९० लाख होती, कोंबड्या आणि इतर पाळीव पक्षी मिळून ८५ कोटी. शांघायच्या डुकराची जागा आपल्याकडे ब्रॉयलर कोंबडीने घेतली आहे, आणि अमरावतीच्या आसपास पोल्ट्रीची शेडे किती वाढली ते बडनेऱ्याकडून शहरात शिरणाऱ्या कोणालाही दिसते. कोरडवाहू शेतीने दगा दिल्यावर अनेक पोरांना याच धंद्याने तारले. त्यामुळे पुढे जे लिहितो आहे ते त्यांच्याविरुद्ध नाही.

करारावरच्या पोल्ट्रीचा हिशेब असा. पिल्ले, खाद्य, औषध कंपनीचे; शेड, पाणी, वीज, तूस आणि मेहनत शेतकऱ्याची. चाळीस दिवसांत पक्षी दोन किलोच्या पुढे न्यायचा आणि किलोमागे ठरलेला मोबदला घ्यायचा. खाद्य जास्त लागले किंवा मरतूक वाढली की मोबदला कापला जातो. अशा माणसाला सुपरवायझर म्हणतो, पाचव्या दिवशी ही पुडी आणि विसाव्या दिवशी ती, तर तो नाही कशाला म्हणेल? खाद्याच्या गोणीत आधीच काय मिसळून आले आहे हे तर त्याला माहीतही नसते. दोष शोधायचाच तर पुडी टाकणाऱ्या हाताच्या बराच वर जावे लागेल.

कायदा नाही असे नाही. केंद्र सरकारने जुलै २०१९ मध्ये अन्नासाठी पाळलेल्या जनावरांसाठी, पोल्ट्रीसाठी आणि खाद्यपूरकांसाठी कोलिस्टिनचे उत्पादन, विक्री आणि वितरण बंद केले. हा निर्णय चांगला आणि वेळेवर होता, हे मोकळेपणाने म्हटले पाहिजे. अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाने प्रतिबंधित औषधांची यादी वाढवून १ एप्रिल २०२५ पासून लागू केली. आणि २०१२ पासून एक नियम आहे जो फारसा कोणाला ठाऊक नाही: जनावरांच्या औषधावर 'विथड्रॉवल पिरियड', म्हणजे शेवटच्या मात्रेनंतर किती दिवस ते मांस, दूध, अंडी वापरायची नाहीत, हे छापलेच पाहिजे. त्या औषधासाठी वेगळा काळ ठरलेला नसेल तर मांसासाठी किमान २८ दिवस आणि दूध-अंड्यांसाठी ७ दिवस धरायचे. चाळीस दिवस जगणाऱ्या पक्ष्यात २८ दिवस वजा केले की औषध देता येईल असे बाराच दिवस उरतात. किती शेडांत हा हिशेब मांडला जातो?

दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंट या संस्थेने २०१४ मध्ये राजधानी परिसरातील चिकनचे ७० नमुने तपासले तेव्हा ४० टक्क्यांमध्ये प्रतिजैविकांचे अंश होते. युरोपला जाणाऱ्या कोळंबीत असा अंश सापडला तर अख्खा माल परत येतो, म्हणून कोळंबीवाले काळजी घेतात. आपल्या आठवडी बाजारातल्या कोंबडीला परत पाठवणारा कोणी नाही.

इथे माझ्याच व्यवसायाबद्दल बोललो नाही तर ते अप्रामाणिकपणाचे होईल. भारतातल्या रुग्णालयांत कोलिस्टिनला न जुमानणारा क्लेब्सिएला सापडतो तेव्हा तो बहुतेक वेळा स्वतःच्या जनुकात बदल होऊन तसा झालेला असतो. डुकरातले ते एमसीआर-१ आपल्या रुग्णांत तुलनेने कमी दिसले आहे. म्हणजे कोलिस्टिनची बरीचशी नासाडी आम्ही डॉक्टरांनी आमच्याच आयसीयूत केली. व्हायरल तापाला अझिथ्रोमायसिन, सर्दीला ऑगमेंटिन, 'जोरदार लिहून द्या' म्हणणाऱ्या रुग्णापुढे मान तुकवणे, कल्चर न पाठवता भारी इंजेक्शन सुरू करणे, हे सगळे मी पाहिले आहे आणि उमेदीच्या वर्षांत काही केलेही आहे. तरीही पोल्ट्रीकडे बोट दाखवतो, कारण जनावरांना दिल्या जाणाऱ्या प्रतिजैविकांत भारत २०१० मध्येच जगात चौथा होता, आणि साध्या औषधांची साथ सुटली म्हणूनच तर आम्हाला कोलिस्टिनपर्यंत जावे लागते. एन्रोफ्लॉक्सासिनमुळे माणसाच्या पोटातल्या जंतूंवर सिप्रोफ्लॉक्सासिन चालेनासे होते, हे मान्य करून अमेरिकेने २००५ मध्ये पोल्ट्रीतला त्याचा वापर बंद केला. आपल्याकडे ते पुडीत मिळते.

थांबवले तर काही फरक पडतो का? पडतो, आणि लवकर पडतो. चीनने २०१७ मध्ये खाद्यातले कोलिस्टिन बंद केले. डुकरांमध्ये कोलिस्टिनला दाद न देणाऱ्या ई. कोलायचे प्रमाण २०१५-१६ मध्ये ३४ टक्के होते, ते २०१७-१८ मध्ये ५ टक्क्यांच्या आसपास आले. निरोगी माणसांच्या पोटात ते जनुक आढळण्याचे प्रमाणही तीन वर्षांत निम्म्याहून खाली गेले. लेव्हींच्या कोंबड्यांनी जे दाखवले होते तेच चीनमध्ये देशभर दिसले.

डेन्मार्क आपल्यापेक्षा श्रीमंत, पण तिथला धडा पैशाचा नाही. डुकराच्या मांसाची निर्यात हा त्या देशाचा कण्याचा धंदा. त्यांनी १९९५ मध्ये पशुवैद्यकांना औषधविक्रीतून मिळणाऱ्या नफ्यावर मर्यादा आणली, म्हणजे लिहिणारा आणि विकून कमावणारा वेगळा केला. २००० पर्यंत वाढीसाठी खाद्यात घालायची प्रतिजैविके पूर्ण थांबली. सुरुवातीला दूध तोडलेल्या पिल्लांमध्ये हगवण वाढली, शेतकरी ओरडले. मग पिल्लांना थोडे उशिरा तोडणे, शेड दोन लॉटच्या मध्ये रिकामे ठेवून धुणे, गर्दी कमी करणे हे झाले. १९९२ ते २००८ या काळात डुकरांचे उत्पादन वाढले आणि किलोमागे लागणारे प्रतिजैविक निम्म्याहून कमी झाले.

वाचकांपैकी काहींनी एव्हाना रविवारचा चिकनचा बेत रद्द केला असेल. कृपया करू नका. २०२० च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये 'चिकनने कोरोना होतो' या अफवेने पोल्ट्रीवाल्यांचे काय झाले ते मी विसरलेलो नाही. लोकांनी कोंबड्या फुकट वाटल्या. आपला रस्सा रटरटून उकळतो आणि त्यात हे जंतू मरतात, चिवट असोत की साधे. धोका शिजण्याआधीचा आहे. कच्चे चिकन नळाखाली धुताना उडणारे शिंतोडे, त्याच विळीवर चिरलेली काकडी, दुकानात एकाच बादलीच्या पाण्यात दिवसभर बुचकळले जाणारे पक्षी. घरी कच्च्या मांसाची सुरी आणि पाट वेगळा ठेवा, हात साबणाने धुवा. शेडमध्ये काम करणाऱ्याने तेच कपडे घालून लेकराला उचलू नये. आणि संत्र्याच्या बागेत किंवा भाजीच्या वाफ्यात ताजे कोंबडखत टाकण्यापेक्षा ते नीट कुजवून टाकावे; त्या ढिगाच्या उष्णतेत बरेच जंतू मरतात.

बाकीचे काम घरात होणारे नाही. अन्न व औषध प्रशासनाने चिकनच्या दुकानांबरोबर खाद्याच्या गोण्यांचे आणि पुड्यांचे नमुनेही घ्यावेत, आणि निकाल जिल्हानिहाय जाहीर करावेत. करारात शेतकऱ्याला प्रत्येक औषधाचे नाव, मात्रा आणि थांबायचा काळ मराठीत लिहून मिळावा. जो माणूस पुडी टाकतो त्याला ती वाचता यायला हवी. अकोल्यात स्नातकोत्तर पशुवैद्यक व पशुविज्ञान संस्था आहे, दोन्ही शहरांत शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आहेत. माझ्या तीस वर्षांच्या नोकरीत माणसांच्या जंतूंचा आणि जनावरांच्या जंतूंचा रिपोर्ट एका टेबलावर ठेवून कोणी पाहिल्याचे मला आठवत नाही. यासाठी नवी इमारत लागत नाही. तीन महिन्यांतून एक दुपार पुरेल.

आमच्या रुग्णालाही सांगायचे राहिले. तो एकविसाव्या दिवशी घरी गेला. क्रिएटिनिन अजून पूर्ण खाली आलेले नाही, दर महिन्याला तपासायला येतो. दिवाळीनंतर आला तेव्हा मुलगा सोबत होता. मधल्या लॉटमध्ये तिसऱ्या आठवड्यात मरतूक सुरू झाली होती. सुपरवायझरने नेहमीची पुडी दिली. याने ती खिशात ठेवली आणि मेलेले दोन पक्षी घेऊन पशुवैद्यकांकडे गेला. त्यांनी चिरून पाहिले आणि गंबोरो सांगितले. तो विषाणूचा आजार, त्यावर कोणतेही प्रतिजैविक चालत नाही.

"पुडी टाकलीच नाही साहेब," तो म्हणाला. "थंड पानी देलं, गर्दी कमी केली. मेले ते मेले, बाकीचे निंगाले." सुपरवायझर मात्र त्याच्यावर अजून नाराज आहे, आणि पुढचा लॉट वेळेवर मिळेल की नाही याची त्याला खात्री नाही.